माणसाची गोळी, कुत्र्याची खाज

अमेरिकेतल्या ॲलर्जीविषयक एका वैद्यकीय नियतकालिकात १९४१ साली एका रुग्णाची हकीगत छापून आली. निदान होतं, शरद ऋतूत उद्भवणारा हे फीव्हर, म्हणजे परागकणांची ॲलर्जी. हकीगत लिहिणारे फ्रेड विटिच हे मिनियापोलिसचे नावाजलेले ॲलर्जीतज्ज्ञ, माणसांचे डॉक्टर. त्यांचा हा रुग्ण मात्र कुत्रा होता. तिकडे शरदातल्या या दुखण्याला मुख्यतः रॅगवीड नावाचं तण जबाबदार असतं. आपल्याकडे १९५० च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नोंदलं गेलेलं आणि मग देशभर पसरलेलं गाजरगवत त्याच्याच कुळातलं. विटिच यांनी माणसांना देत तोच उपचार कुत्र्यावर केला. ज्या परागांचा त्रास, त्यांचाच अर्क अगदी थोड्या मात्रेपासून सुरू करून टोचायचा. कुत्र्याला गुण आला.

पाळीव प्राण्याच्या ॲलर्जीवर माणसाचा इलाज केल्याची ही अगदी सुरुवातीची नोंद. पुढे सुई मागे पडली आणि गोळी आली. ती प्रयोगशाळेतून दवाखान्यात, दवाखान्यातून मेडिकलमध्ये आणि तिथून थेट घरातल्या औषधांच्या डब्यात पोचली. वाटेत तिच्यासोबत आणखीही बरंच काही आलं, आणि कुत्र्या-मांजरांच्या जिवावर बेततं ते बहुधा हे सोबत आलेलंच.

खरं तर कुत्र्याला ॲलर्जी होते ही बातमी १९४१ साली जुनीच म्हणायला हवी. या शास्त्राची सुरुवातच एका कुत्र्याच्या मरणापासून झाली. त्याचं नाव नेपच्यून.

मोनॅकोचे राजे पहिले आल्बर्ट यांना समुद्राच्या अभ्यासाचं वेड होतं. १९०१ च्या उन्हाळ्यात त्यांनी आपल्या बोटीवर शार्ल रिशे आणि पोल पोर्तिये या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांना सोबत नेलं आणि फायसेलिया या समुद्रजीवाच्या विषाचा अभ्यास करायला सुचवलं. पावसाळ्यात जुहूच्या किनाऱ्यावर वाहून येणारे आणि पायाला डसणारे 'ब्लू बॉटल' ते हेच. पॅरिसला परतल्यावर फायसेलिया मिळेना, म्हणून दोघांनी समुद्रफुलाचं, म्हणजे सी ॲनिमोनीचं, विष काढून काम पुढे चालवलं. कल्पना साधी होती. थोडं थोडं विष देत गेलं तर कुत्र्याच्या अंगात प्रतिकारशक्ती तयार होईल, लसीने होते तशी. नेपच्यून हा मोठा, धडधाकट कुत्रा. पहिल्या मात्रेने त्याला काहीही झालं नाही. २२ दिवसांनी तेवढीच मात्रा पुन्हा दिली. काही सेकंदांत त्याला धाप लागली, उभं राहता येईना, जुलाब झाले, रक्ताची उलटी झाली आणि २५ मिनिटांत तो मेला.

प्रतिकारशक्ती वाढायच्या ऐवजी नेमकं उलट घडलं होतं. रिशे यांनी या उलट्या प्रतिक्रियेला 'ॲनाफिलॅक्सिस' असं नाव दिलं, फेब्रुवारी १९०२ मध्ये दोघांनी ते निष्कर्ष पॅरिसमध्ये मांडले आणि १९१३ साली रिशे यांना नोबेल मिळालं. दरम्यान १९०६ मध्ये व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी 'ॲलर्जी' हा शब्द रूढ केला होता.

नेपच्यूनला रक्ताची उलटी आणि जुलाब का झाले असावेत, याचं उत्तर पुढच्या संशोधकांनी दिलं. ॲनाफिलॅक्सिसचा तडाखा प्रत्येक प्राण्यात वेगळ्या अवयवाला बसतो. कुत्र्यात तो मुख्यतः यकृताला आणि आतड्यांना बसतो, मांजरात फुप्फुसांना. म्हणून अशा वेळी कुत्रा ओकतो, कोसळतो. मांजर तोंड उघडं टाकून श्वास घेतं. माणसासारखा घसा सुजण्याची वाट पाहणारा मालक दोन्ही वेळा चुकतो.

हे सगळं घडवून आणणारा रेणू म्हणजे हिस्टामिन. लंडनमध्ये हेन्री डेल आणि पॅट्रिक लेडलॉ यांनी १९१० साली त्याचे परिणाम सविस्तर मांडले. रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब कोसळतो, श्वासनलिका आवळतात. डेल यांच्याही पूर्वायुष्यात एक कुत्रा आहे. १९०३ साली युनिव्हर्सिटी कॉलेजात विद्यार्थ्यांसमोर एका तपकिरी कुत्र्यावर प्रयोग झाला आणि शेवटी त्याला सुरीने मारण्याचं काम तरुण डेल यांनी केलं. त्यावरून खटला झाला. प्राण्यांवरच्या प्रयोगांच्या विरोधकांनी १९०६ मध्ये बॅटरसी भागात त्या कुत्र्याचा पुतळा उभारला, वैद्यकीचे विद्यार्थी आणि पुतळ्याचे समर्थक रस्त्यात हाणामारीवर आले आणि १९१० मध्ये पालिकेने तो पुतळा रातोरात हलवला. हिस्टामिनवरचा निबंध त्याच वर्षीचा. औषधांच्या इतिहासात कुत्र्यांची नावं क्वचितच येतात. या इतिहासात निदान नेपच्यूनचं नाव टिकलं. तपकिरी कुत्र्याला पुतळा मिळाला, नाव मिळालं नाही.

हिस्टामिनला अडवणारं रसायन सापडायला पुढची सत्तावीस वर्षं लागली. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत दानिएल बोवे आणि आन-मारी स्टॉब यांनी १९३७ साली पहिलं अँटिहिस्टामिन दाखवून दिलं. ते गिनीपिगांना वाचवत होतं, पण माणसाला देता येणार नाही इतकं विषारी होतं. फ्रान्स जर्मनांच्या ताब्यात असताना, १९४२ मध्ये, बेर्नार हाल्पेर्न यांनी माणसाला चालेल असं पहिलं अँटिहिस्टामिन आणलं. दोन वर्षांत त्याचा सुधारलेला अवतार, मेपिरामिन, आला. अटलांटिकच्या पलीकडे सिनसिनाटीमध्ये जॉर्ज रिव्हेशल हे रसायनतज्ज्ञ स्नायूंचा आवळ सैल करणाऱ्या औषधाच्या शोधात होते. १९४३ मध्ये त्यांच्या हाती डायफेनहायड्रामिन लागलं. पार्क-डेव्हिस कंपनीने १९४६ साली ते 'बेनाड्रिल' या नावाने बाजारात आणलं. क्लोरफेनिरामिन, ज्याला आपल्याकडचे डॉक्टर आणि मेडिकलवाले नुसतं 'सीपीएम' म्हणतात, ते त्याच दशकाच्या शेवटी आलं. त्याचंच जवळचं भावंड फेनिरामिन. जर्मन कंपनी होक्स्टने ते 'ॲव्हिल' नावाने विकलं. भारतात माशी चावून सुजलेल्या कुत्र्यापासून अंगावर पित्त उठलेल्या म्हशीपर्यंत सगळ्यांना पशुवैद्यांनी टोचलेलं इंजेक्शन बहुतेकदा हेच.

इथपर्यंतची गोष्ट औषधाची. इथून पुढची बाजाराची, आणि ती जास्त महत्त्वाची.

१९४७ मध्ये अमेरिकी नौदलातले डॉक्टर जॉन ब्रूस्टर यांनी जाहीर केलं की सर्दीच्या पहिल्या काही तासांत अँटिहिस्टामिन दिलं तर सर्दी तिथल्या तिथे थांबते. वर्षाला दोनदा तरी नाक गळणाऱ्या कोट्यवधी लोकांचा देश. कंपन्यांना आणखी काय हवं? १९४९ मध्ये काही अँटिहिस्टामिनं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला परवानगी मिळाली. अनाहिस्ट, इनहिस्टन, क्रिप्टिन अशा नावांच्या गोळ्यांच्या जाहिरातींचा पूर आला. पुढच्या काटेकोर चाचण्यांत या गोळ्या सर्दीवर साखरेच्या गोळीपेक्षा सरस ठरल्या नाहीत आणि १९५० मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने जाहिरातदारांवर कारवाई सुरू केली. सर्दी बरी होते हा दावा मागे पडला. गोळ्या मात्र राहिल्या, कारण जुनी अँटिहिस्टामिनं नाक कोरडं करतात आणि झोप आणतात. सर्दी झालेल्या माणसाला तेवढंही पुरतं.

पुढच्याच वर्षी, १९५१ मध्ये, चिठ्ठीने मिळणारं औषध आणि चिठ्ठीशिवाय मिळणारं औषध अशी स्पष्ट विभागणी करणारा कायदा अमेरिकेत झाला. तो मांडणारे ह्यूबर्ट हम्फ्री आणि कार्ल डरॅम हे दोघेही मुळात औषधविक्रेते, म्हणजे फार्मासिस्ट. कायद्यामागचा विचार असा की, वेष्टनावर लिहिलेल्या सूचना वाचून सामान्य माणूस जे सुरक्षितपणे घेऊ शकतो ते त्याला थेट मिळावं. या विचारातला 'सामान्य माणूस' दोन पायांचाच होता. वेष्टनावरची मात्रा त्याच्या वजनाची आणि त्याच्या यकृताला झेपणारी.

मग सर्दीच्या गोळीत भर पडत गेली. अंगदुखीसाठी ॲस्पिरिन, नंतर पॅरासिटामॉल. झोप येते म्हणून कॅफिन. नाक चोंदलं तर मोकळं व्हावं म्हणून स्यूडोएफिड्रिन किंवा फेनिलेफ्रिन. मुलांच्या पातळ औषधात गोडी, आणि ती साखरेशिवाय यावी म्हणून पुढे काही ठिकाणी झायलिटॉल. प्रत्येक भर माणसाच्या दृष्टीने समजण्याजोगी होती. ॲलर्जीचं औषध, सर्दीचं औषध आणि तापाचं औषध यांच्यातली भिंत मात्र पाकिटावर दिसेनाशी झाली.

या काळात पशुवैद्यांकडे कुत्र्यासाठी म्हणून खास बनवलेलं अँटिहिस्टामिन जवळजवळ नव्हतंच. अमेरिकेत ट्रायमेप्रेझिन आणि प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडची जोडगोळी कुत्र्यांसाठी मंजूर झाली, ती अपवाद. त्यातही खरा भार स्टेरॉइडच उचलतं. बाकी सगळं माणसांच्या कपाटातून उसनं. कॉर्नेल विद्यापीठात डॅनी स्कॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात हे उसनं औषध शिस्तीने तपासायला घेतलं. खाजणाऱ्या कुत्र्याला काही दिवस एक अँटिहिस्टामिन, काही दिवस दुसरं, असं देऊन मालकाला विचारायचं, खाज कमी झाली का? १९९० मध्ये स्कॉट आणि विल्यम मिलर यांनी क्लोरफेनिरामिन मांजरांना देऊन पाहिलं आणि बहुसंख्य मांजरांची खाज आटोक्यात आली. कुत्र्यांचे आकडे इतके चांगले कधीच नव्हते. स्कॉट यांनाही सुरुवातीपासून दिसत होतं की एखाद्या कुत्र्याला एखादी गोळी लागू पडते, दुसऱ्याला तीच गोळी नुसती झोप आणते.

गंमत म्हणजे १९९४ पर्यंत अमेरिकेच्या कायद्याच्या अक्षराप्रमाणे हे सगळं बेकायदा होतं. वेष्टनावर 'कुत्रा' असं लिहिलेलं नसेल तर पशुवैद्याने ते औषध कुत्र्याला देणं नियमात बसत नव्हतं. सरकार काणाडोळा करत होतं इतकंच. १९९४ च्या कायद्याने पशुवैद्याला ती मुभा अधिकृतपणे दिली. पण ती पशुवैद्यालाच, आणि तीही तो त्या प्राण्याला ओळखतो, तपासतो या अटीवर. मालकाने आपल्या मनाने गोळी द्यावी असं त्या कायद्यात कुठेही म्हटलेलं नाही. मालकांनी मात्र ते तसंच वाचलं.

याला कारणही होतं. बेनाड्रिल १९८० च्या दशकात चिठ्ठीशिवाय मिळू लागलं होतं. २००२ मध्ये लोराटाडिन आणि २००७ मध्ये सेटिरिझिन त्याच वाटेने गेलं. गोळी स्वस्त, घरात असलेली आणि पशुवैद्याने एकदा सांगितलेली. वजनाच्या दर पौंडाला १ मिलिग्रॅम डायफेनहायड्रामिन हा पशुवैद्यांचा ढोबळ हिशेब तोंडातोंडी पसरला. किलोच्या भाषेत साधारण २ मिलिग्रॅम. हिशेब चुकीचा नाही, आजही पुस्तकांत मात्रा याच्या आसपासच असते. अडचण वेगळीच आहे. हा आकडा शुद्ध डायफेनहायड्रामिनचा आहे, आणि मालकाच्या हातातल्या पाकिटात ते शुद्ध असेलच असं नाही.

अशा चुकांचा हिशेब ठेवणारी एक जागा अमेरिकेत तयार झाली होती. इलिनॉय विद्यापीठात विल्यम बक यांनी १९७८ मध्ये प्राण्यांच्या विषबाधेसाठी टेलिफोन सेवा सुरू केली. पुढे १९९६ मध्ये ती 'एएसपीसीए' या प्राणिसंस्थेकडे गेली. त्यांच्याकडे येणाऱ्या फोनमध्ये उंदराचं औषध किंवा शोभेची विषारी झाडं सगळ्यात वर असतील असं वाटेल. अलीकडच्या वर्षांत पहिला नंबर माणसांच्या, चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या औषधांचा आहे.

त्यातली सगळ्यात फसवी गोळी म्हणजे नावापुढे 'डी' लावलेली. अमेरिकेत साध्या लोराटाडिनच्या शेजारीच, जवळजवळ तशाच खोक्यात, लोराटाडिन अधिक स्यूडोएफिड्रिन विकलं जातं. कुत्र्याला किलोमागे ५ ते ६ मिलिग्रॅम स्यूडोएफिड्रिन पोटात गेलं की लक्षणं गंभीर होतात: छाती धडधडते, अंग तापतं, कुत्रा वेड्यासारखा येरझारा घालतो, झटके येतात. १० ते १२ मिलिग्रॅमला जीव जाऊ शकतो. बारा तास टिकणाऱ्या एका गोळीत स्यूडोएफिड्रिन असतं १२० मिलिग्रॅम. दहा किलोच्या कुत्र्याला ती एक गोळी म्हणजे किलोमागे १२. चोवीस तासांच्या गोळीत याच्या दुप्पट. अमेरिकेने २००६ पासून स्यूडोएफिड्रिन काउंटरच्या मागे ठेवलं आणि खरेदीदाराची नोंद सुरू केली, ती त्यापासून घरोघरी अमली पदार्थ बनवले जात होते म्हणून. कुत्र्यांचा त्यात थोडाफार फायदा झाला असेल तर तो फुकटचा.

भारतातल्या सर्दीच्या गोळीत बहुतेकदा स्यूडोएफिड्रिनऐवजी फेनिलेफ्रिन असतं. तोंडाने घेतलेलं फेनिलेफ्रिन माणसाचं नाक मोकळं करतं असं म्हणता येत नाही, असा निर्वाळा अमेरिकी औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने २०२३ मध्ये दिला, तरी गोळ्या चालूच आहेत. आपल्या घरात कुत्र्यापेक्षा मोठं संकट मांजरावर आहे, कारण त्याच गोळीत पॅरासिटामॉल असतं.

मांजराच्या शरीराला पॅरासिटामॉल झेपत नाही, हे पशुवैद्यांना अनेक दशकं ठाऊक होतं. नेमकं का, ते मायकेल कोर्ट आणि डेव्हिड ग्रीनब्लॅट यांनी २००० साली जनुकाच्या पातळीवर दाखवलं. पॅरासिटामॉल निकामी करून बाहेर टाकणारं एक विकर, म्हणजे एन्झाइम, माणसाच्या आणि कुत्र्याच्या यकृतात असतं. मांजरात त्याचा जनुक मोडलेला आहे. पुढच्या अभ्यासात तो फक्त घरच्या मनीमाऊतच नव्हे, तर सिंह-चित्त्यांसकट सगळ्या मार्जार कुळात मोडलेला निघाला. मांस हेच अन्न असलेल्या प्राण्याला झाडपाल्यातली विषं पचवण्याची गरज उरली नाही, आणि न वापरलेलं हत्यार गंजून गेलं, असा त्याचा अर्थ लावला जातो. वर मांजराचं हिमोग्लोबिनही नाजूक. पॅरासिटामॉलचे विषारी अंश त्याच्यावर चढले की रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं आणि तपकिरी दिसू लागतं.

किलोमागे १० मिलिग्रॅमनेही मांजरांना विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत. चार किलोच्या मांजराला म्हणजे ४० मिलिग्रॅम. सर्दीच्या गोळीत पॅरासिटामॉल साधारण ५०० मिलिग्रॅम असतं. तिचा बारावा हिस्साही पुरेसा ठरू शकतो. हिरड्या निळसर-तपकिरी होतात, श्वास जोरात चालतो आणि तोंड व पंजे सुजतात. तोंडावरची ही सूज मालकाला हमखास ॲलर्जीची वाटते आणि तो त्याच पाकिटातली आणखी अर्धी गोळी भरवतो. यावर ॲसिटिलसिस्टीन हा उतारा आहे, पण तो पहिल्या काही तासांत पोटात किंवा शिरेत गेला तर सगळ्यात जास्त उपयोगी.

नावांचा घोळ यापेक्षाही जुना आहे. एकच 'बेनाड्रिल' तीन देशांत तीन वेगळ्या गोष्टी आहे. अमेरिकेत डायफेनहायड्रामिनची गुलाबी गोळी. ब्रिटनमध्ये त्याच नावाखाली सेटिरिझिन किंवा ॲक्रिव्हास्टिन मिळतं. भारतात पिढ्यान्‌पिढ्या बेनाड्रिल म्हणजे खोकल्याचं औषध. न्यू जर्सीत राहणारा मुलगा पुण्यातल्या आईला फोनवर सांगतो, "अगं, त्याला बेनाड्रिल दे, इथे सगळे देतात," तेव्हा दोघांच्या डोळ्यांसमोर दोन वेगळी औषधं असतात. इथल्या नेहमीच्या सिरपमध्ये एका चमच्यात, म्हणजे ५ मिलिलिटरमध्ये, डायफेनहायड्रामिन साधारण १४ मिलिग्रॅम असतं. पंचवीस किलोच्या लॅब्रॅडॉरला किलोच्या हिशेबाने लागणाऱ्या ५० मिलिग्रॅमसाठी साडेतीन चमच्यांहून जास्त पाजावं लागेल, आणि त्यासोबत प्रत्येक चमच्यातलं शंभराहून अधिक मिलिग्रॅम अमोनियम क्लोराइड, शिवाय सोडियम सायट्रेट आणि मेन्थॉल. कुत्र्याला यातलं काहीही नको असतं. त्याच नावाच्या इतर बाटल्यांत घटक आणखी वेगळे.

झायलिटॉलची बाब तर याहून विचित्र. माणसाच्या रक्तातल्या साखरेला ते फारसं हात लावत नाही, म्हणून मधुमेहींच्या च्युइंगगममध्ये आणि साखर नसलेल्या सिरपमध्ये त्याला जागा मिळाली. कुत्र्याच्या शरीरात मात्र ते इन्सुलिनचा लोंढा आणतं, साखर अर्ध्या तासात कोसळू शकते आणि मोठ्या मात्रेत यकृत निकामी होतं. संशोधकांनी कुत्र्यांतला हा इन्सुलिनचा परिणाम १९६० च्या दशकातच नोंदला होता. तेव्हा घरोघरी झायलिटॉल नव्हतं, म्हणून ती नोंद प्रयोगशाळेच्या बाहेर कुणी वाचली नाही.

भारताच्या कायद्यात 'चिठ्ठीशिवाय मिळणारं औषध' असा वेगळा वर्गच नाही. १९४५ च्या औषध नियमांतल्या अनुसूची 'जी'मध्ये अँटिहिस्टामिनं नावानिशी आहेत आणि त्यांच्या वेष्टनावर, वैद्यकीय देखरेखीशिवाय हे घेणं धोक्याचं आहे, अशी ताकीद छापावी लागते. ती बारीक अक्षरात असते आणि इंग्रजीत असते. मेडिकलच्या काउंटरवर "कुत्र्याला फार खाज येतेय, काहीतरी द्या ना" म्हटलं की ताकीद कुणी वाचून दाखवत नाही. गोळीची पट्टी कात्रीने कापून चार गोळ्या हातात येतात. त्या कापलेल्या तुकड्यावर घटकांची यादीही नसते. कायदा कागदावर जुना आणि शहाणा आहे. कात्री त्याहून जुनी.

आता या साऱ्या खटाटोपाने कुत्र्याची खाज जाते का? फारशी जात नाही, हे गेल्या वीस वर्षांतलं उत्तर. २००४ मध्ये सेटिरिझिनच्या एका चाचणीत समाधानकारक गुण आला तो फक्त १८ टक्के कुत्र्यांना. डायफेनहायड्रामिनची गोळी कुत्र्याच्या पोटातून रक्तात पोचते तीही अगदी थोडी. मुळात कुत्र्याच्या त्वचेत हिस्टामिन टोचलं तर गांध उठते, पण तो खाजवू लागतोच असं नाही. त्याची जुनाट खाज मुख्यतः दुसऱ्याच एका रेणूच्या निरोपावर चालते, त्याला इंटरल्युकिन-३१ म्हणतात. ते कळल्यावर अमेरिकेत २०१३ मध्ये ओक्लासिटिनिब ही गोळी आणि २०१६ मध्ये लोकिव्हेटमॅब हे इंजेक्शन आलं. दोन्ही थेट कुत्र्यासाठी बनवलेली. नेपच्यूनपासून मोजलं तर कुत्र्याला स्वतःच्या खाजेवरचं स्वतःचं औषध मिळायला एकशे अकरा वर्षं लागली. औषधं महाग आहेत. स्वस्त गोळीचा मोह त्यामुळेच सुटत नाही.

याचा अर्थ अँटिहिस्टामिनं प्राण्यांच्या कपाटातून हद्दपार झाली असा नाही. मधमाशी किंवा गांधीलमाशी चावून अंगावर पित्त उठलं, थोबाड सुजलं, तर ती कामाची आहेत. हिस्टामिन साठवणाऱ्या मास्ट पेशींची गाठ असलेल्या कुत्र्याला पशुवैद्य ती मुद्दाम सुरू ठेवतात. काही मांजरांना क्लोरफेनिरामिन आजही लागू पडतं, कडू गोळीने तोंडाला फेस आला तरी. पण कुत्रा कोसळला, उलट्या सुरू झाल्या, हिरड्या पांढऱ्या पडल्या, तर घरातली गोळी शोधण्यात दहा मिनिटं घालवू नयेत. त्या वेळी लागतं ते ॲड्रेनॅलिन, आणि ते दवाखान्यातच मिळतं. काचबिंदू, हृदयविकार, फिट्स किंवा लघवी अडण्याचा त्रास असलेल्या प्राण्याला जुनी अँटिहिस्टामिनं न विचारता देणं हेही धोक्याचंच.

तेव्हा एवढं करावं. प्राण्यासाठी आणलेल्या गोळीच्या पट्टीवर एकच घटक लिहिलेला असावा; दुसरं कुठलंही नाव दिसलं तर ती परत करावी. सुट्या, कापलेल्या पट्टीतली गोळी घेऊ नये. वजन काट्यावर करून पशुवैद्याला फोनवर सांगावं आणि मात्रा त्यांच्याकडून मिलिग्रॅममध्ये लिहून घ्यावी, 'अर्धी' किंवा 'पाव' अशी नव्हे. आणि नको ते पोटात गेलंच असेल तर वाट न पाहता दवाखाना गाठावा, जाताना रिकामं पाकीट किंवा बाटली सोबत न्यावी आणि किती वाजता किती गेलं असेल ते सांगावं.